एका मुलीचा वर्ग

हिवरखेडच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून शेतांमधून आत गेलं की एक लहान गाव लागतं. त्या गावच्या प्राथमिक शाळेत माझी बदली झाली, तेव्हा अकोटला आमच्या घरी सगळ्यांना वाटलं की माझं नशीब उघडलं. पहिली ते चौथी मिळून शाळेचा पट होता नऊ. शिक्षक दोन, मी आणि निवृत्तीला आलेले मुख्याध्यापक सर.

"नऊच लेकरं?" सासूबाई म्हणाल्या. "मंग अथी घरीच बोलावून घे ना त्याइले. मी चहा तरी पाजीन."

त्याआधी मी एका मोठ्या गावच्या शाळेत होते. तिथे एकेका वर्गात पन्नासच्या वर मुलं असायची, आणि त्या वर्गांनी माझा आवाज कायमचा चढवून ठेवला होता. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी परिपाठ झाला, मुलं सतरंजीवर बसली, आणि मी फळ्यासमोर उभी राहून सवयीनं ओरडले, "सगळ्यांनी इकडे लक्ष द्या!"

नऊच्या नऊ मुलं दचकली. पहिलीतली एक चिमुरडी तर रडायलाच लागली. तेवढ्यात खिडकीजवळ बसलेली एक मुलगी अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, आमी अथीच तं हाओ."

ती तिसरीत होती. आणि तिसरीत ती एकटीच होती.

दोन शिक्षक आणि चार वर्ग म्हटल्यावर सरांनी पहिली-दुसरी घेतली, मला तिसरी-चौथी आली. चौथीत तीन मुली होत्या. म्हणजे माझ्यासमोर चार मुली, त्यांतल्या तिघी एका पुस्तकावर आणि ही एकटी दुसऱ्या पुस्तकावर. तिचे आईवडील भाजीपाल्याची वाडी करत. वांगी, मिरची, कोथिंबीर, पालक. सकाळी वडील माल घेऊन हिवरखेडच्या बाजारात जात आणि आई वाडीतलं आटोपून दुपारी गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवायला बसे. आईनं उरलेल्या कापडाची शिवलेली पिशवी खांद्याला लावून ही मुलगी शाळा उघडायच्या आधीच ओट्यावर येऊन बसलेली असायची.

तिचं तोंड बंद नसे. मी एक सांगावं आणि तिनं "काहून?" म्हणावं. पाऊस तिरपा काहून पडते, आडनाव बापाचंच काहून लावते, फळा काळा तर खडू पांढरा काहून. मला उत्तर येत नसलं की मी म्हणायचे, उद्या सांगते. ती दुसऱ्या दिवशी दारातच उभी असायची. "मॅडम, सांगतो म्हणे तुमी." मग मला खरोखरच पाहून यावं लागायचं. त्या एका वर्षात मी जेवढं वाचलं तेवढं डी.एड.ला असतानाही वाचलं नसेल.

दिवाळीनंतरची गोष्ट. भागाकार चालला होता. मी म्हटलं, एका संत्र्याच्या दहा फोडी आहेत, पाच जणांना सारख्या वाटायच्या आहेत.

"दहाच काहून?" ती म्हणाली.

"गणितापुरत्या दहा धरायच्या."

"धरायच्या काहून? मोजू ना. माया मामाच्या संत्र्यात अकरा निघते. कधी बारा बी निघते."

मी म्हटलं, बरं, घेऊन ये. दुसऱ्या दिवशी तिचा बाप सायकलवर पोतडीभर संत्री टाकून आला. वर्ग बंद, पुस्तकं बंद. नऊ मुलं, सर आणि मी, सगळे सतरंजीवर गोल बसलो आणि सोलत सुटलो. पहिलीतली मुलं फोडी मोजत होती, दुसरीतली फळ्यावर आकडे मांडत होती, चौथीतल्या तिघी बेरजा करत होत्या आणि ही सगळ्यांवर देखरेख करत फिरत होती. कुणाच्या दहा, कुणाच्या अकरा, एकाच्या तर नऊच निघाल्या. "पाहा," ती मला म्हणाली, "संत्र्याले कोठी माईत हाये आपलं गणित." सगळ्या शाळेला दिवसभर संत्र्याचा वास येत होता. सर हात धुता धुता म्हणाले, "मॅडम, सारी नोकरी गेली माझी, पण असा तास नाही झाला कधी." त्यांच्या आवाजात आनंद होता आणि थोडं वाईट वाटणंही होतं. ते वाईट वाटणं मला तेव्हा नीट कळलं नाही.

पण त्या मुलीचं एक दुःख होतं, आणि ते मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. मी गणित घातलं की ती चटकन सोडवायची आणि मग बाजूला बघायची. कुणाचं झालं, कुणाचं राहिलं, हे पाहायला माणूस बघतो तसं. बाजूला रिकामी सतरंजी असायची. चौथीतल्या तिघी आपसात कुजबुजत, खिदळत, हिला म्हणत, "तू तिसरीतली हायेस, तुले नाई समजत." मग मीच कधी कधी पाटी घेऊन तिच्या शेजारी बसायचे आणि तिच्याशी शर्यत लावायचे. मुद्दाम हळू सोडवायचे. दोनचार दिवसांत तिनं ते ओळखलं.

"मॅडम, तुमी हारून राहिल्या मुद्दाम," ती म्हणाली आणि पाटी पुसून टाकली.

वार्षिक निकालाच्या दिवशी सरांनी जाहीर केलं की तिसरीत ही पहिली आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती काही टाळ्या वाजवेना. मी विचारलं, काय गं, आनंद नाही झाला? तर म्हणाली, "पयली बी मीच, अन् शेवटली बी मीच." सर हसले. मीही हसले. घरी जाताना एस.टी.त बसल्यावर मात्र ते वाक्य मनातून जाईना. इतक्या हुशार मुलीला एक साधी बरोबरीण नसावी, याची मला फार चुटपुट लागायची. हिला भरलेला वर्ग मिळायला हवा, असं मी मनात कितीदा तरी म्हटलं असेल.

त्याच वर्षी अमरावतीला आमचं प्रशिक्षण झालं होतं. वेगवेगळ्या भागांतले शिक्षक आलेले. दुपारी आम्ही काही जणी कडुनिंबाच्या झाडाखाली डबे उघडून बसायचो. शिक्षक एकमेकांना भेटले की दुसरा प्रश्न असतो, पट किती? धारणीकडच्या एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे कागदावर वर्ग भरलेला असतो, पण दिवाळीनंतर मायबाप कामाला बाहेर पडतात, लेकरंही त्यांच्यासोबत जातात. होळीला परत येतात तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतो. मग नांदगाव पेठच्या बाजूला, कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शाळेत शिकवणाऱ्या बाईंना कुणीतरी विचारलं.

"त्रेसष्ट," त्या म्हणाल्या.

"शाळेचा?" मी विचारलं.

"वर्गाचा."

दुसऱ्या तुकडीचे गुरुजी निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, म्हणून दोन्ही तुकड्या एका खोलीत आल्या होत्या. शिवाय कारखान्यांत काम मिळतं म्हणून दर महिन्याला नवीन कुटुंबं येत. कुणी मेळघाटातून, कुणी मध्यप्रदेशातून, कुणी आमच्या अकोल्याकडून. माझा आकडा मी सांगितला तेव्हा सगळ्या जणी हसल्या.

"नऊ म्हणजे तुला त्यांच्या घरच्या म्हशींचीही नावं माहीत असतील," त्या बाई म्हणाल्या.

"आहेत," मी म्हटलं. खरंच माहीत होती.

त्या हसल्या नाहीत. "माझ्या वर्गातल्या सगळ्या लेकरांची नावं मला पाठ व्हायला दिवाळी येते," त्या म्हणाल्या. "आणि दिवाळीनंतर नवीन येतात."

त्या माझ्यापेक्षा सातआठ वर्षांनी मोठ्या होत्या. मी त्यांना ताई म्हणू लागले. आमची चांगली गट्टी जमली. मी त्यांना माझ्या एकट्या तिसरीबद्दल सांगितलं, शर्यतीचं सांगितलं. ताईंनी कौतुकानं ऐकलं आणि म्हणाल्या, "दे मला ती पोरगी. त्रेसष्टांत एक आणखी, काय फरक पडतो?" आम्ही दोघीही हसलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मुलीचे वडील आणि काका वेगळे झाले. वाडीचे दोन तुकडे पडले आणि त्या तुकड्यांत दोन घरांचं भागेना. शाळा सुरू व्हायच्या सुमारास तिची आई शाळेत आली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "मॅडम, आमी नांदगाव पेठले जाऊन राहिलो. कपड्याच्या कंपनीत मले मशीनवर घेतलं. आमची मावसबहीण हाये तथी. हे मांगून येतीन, त्याइले बी लागन काई काम." मग म्हणाली, "पोरीचंच टेन्शन हाये. तथची शाळा कशी असन?"

मी म्हटलं, "काळजी करू नका. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत त्या भागात. चांगल्या आहेत. त्यांच्याकडे चौथीचाच वर्ग आहे."

मुलगी आईच्या मागून पुढे आली. "वर्गात पोरं किती हायेत?"

"साठच्या वर."

"सारे चौथीचे?"

"सगळे चौथीचे."

"त्यात पोरी किती?"

"निम्म्या तरी असतील."

तिनं बोटांवर हिशेब करून पाहिला. एवढा मोठा आकडा डोक्यात बसवायला तिला वेळ लागत असावा. मग ओट्यावरून उडी मारून पळाली ती दिवसभर गावात ज्याला त्याला सांगत सुटली, माया वर्गात तीस पोरी हायेत, तीस. मलाही फार आनंद झाला होता. शाळेचा पट आणखी खाली येणार हे समोर दिसत असूनही झाला होता. वाटलं, बरं झालं, आपल्या मनासारखं झालं. त्या आनंदाची आठवण आली की आजही मला अवघडल्यासारखं होतं.

मी ताईंना फोन करून सांगितलं, माझी पोरगी खरंच तुमच्याकडे येते आहे. ताईंनी लगेच तिचं नाव घालून घेतलं. आठवडाभरानं त्यांचा फोन आला. "आली गं तुझी पोरगी. पहिल्या दिवशी दारात उभी राहून नुसती सगळ्यांकडे पाहतच राहिली. डोळे एवढे मोठे." मी हसले. पुढं पोळ्याच्या सुमारास मी विचारलं, कशी आहे? ताई म्हणाल्या, "बरी आहे. काही त्रास नाही तिचा. शांत मुलगी आहे."

"शांत? ताई, तुम्ही दुसऱ्याच कुणाबद्दल तर बोलत नाही?"

"अगं, एवढ्यांमध्ये जी उठून मारामारी करत नाही ती शांतच," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बसलेला होता. मला वाटलं, नवीन जागा आहे, होईल हळूहळू.

थंडीत मोठ्या बहिणीला दवाखान्यात दाखवायला मी अमरावतीला गेले. बहिणीला तिच्या घरी सोडल्यावर अर्धा दिवस हातात होता. मी ऑटोनं नांदगाव पेठला गेले, शाळा विचारत विचारत पोचले.

वर्ग दारापासूनच सुरू झालेला होता. दोघांच्या बाकावर चौघं बसलेली. ज्यांना बाक नाहीत ती भिंतीला टेकून खाली. कुणी मराठी बोलत होतं, कुणी हिंदी, मागच्या कोपऱ्यात तीनचार मुलं आपसात कोरकू भाषेत बोलत होती. ताई गालात घशाची गोळी धरून शिकवत होत्या. त्या वाईट शिकवत होत्या असं म्हणायला माझी जीभ धजणार नाही. उलट एवढ्या गर्दीत त्यांनी मुलांचे गट पाडले होते, हुशार मुलांना एकेक गट सांभाळायला दिला होता, आणि एका हातानं भांडण सोडवत दुसऱ्या हातानं फळ्यावर लिहीत होत्या. मी असते तर पहिल्या तासालाच रडले असते.

ती मधल्या एका बाकावर दोन मुलींच्या मधे दाटून बसली होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला, पण ती उठली नाही, ओरडली नाही. ताईंनी एक तोंडी गणित घातलं. पुढच्या रांगांतून हातच हात वर झाले. "मी, मी, मॅडम मी." माझं लक्ष तिच्याकडे होतं. तिचे ओठ हलले. उत्तर तिला आलं होतं, अगदी आधी आलं होतं. हात मात्र मांडीवरच राहिला. पुढच्या एका मुलानं उत्तर दिलं, ताई शाबास म्हणाल्या आणि पुढच्या गणिताकडे वळल्या.

मधल्या सुट्टीत खिचडीची रांग लागली. मी तिला बाजूला घेतलं. तिच्या हाताला धरून दुसरी एक मुलगीही आली. तिचे आईवडील उत्तरेकडून आलेले होते आणि ती हिंदी बोलायची.

"वर्गात बोलत नाहीस का गं?" मी विचारलं.

"बोलतो ना." तिनं मैत्रिणीकडे बोट दाखवलं. "हिच्याशी बोलतो."

"मॅडमला काही विचारत नाहीस?"

"पयले विचारलं होतं. मॅडम म्हणे, थांब, मंग सांगतो. मंग घंटी झाली."

"मग दुसऱ्या दिवशी विचारायचं."

"दुसऱ्या दिवशी बाकीच्याईनं हात वर केले होते." तिनं हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. उलट मला समजावल्यासारखं पुढे म्हणाली, "मॅडम चांगल्या हायेत. त्याइचा गळा लय दुखते. सारेच विचारतीन तं कसं होईन? म्हणून मी नाई विचारत."

मैत्रीण तिचा फ्रॉक ओढू लागली. रांग पुढे सरकली होती. ती "येतो" म्हणून ताट घेऊन पळाली. पळताना दोघी कशावर तरी खूप हसत होत्या. मी तिथेच व्हरांड्यात उभी राहिले. रिकाम्या सतरंजीकडे बघणारी ती मुलगी मला आठवत होती, आणि तिला मैत्रीण मिळाली हे डोळ्यांनी दिसत होतं. तरी मला धड आनंद होत नव्हता.

शाळा सुटायच्या आधी ताई आणि मी कार्यालयात चहा घेत बसलो. मी सांगू की नको असं करत शेवटी सांगितलं. संत्र्याच्या फोडींचं, रोजच्या प्रश्नांचं, आणि आज ती जे बोलली तेही.

ताईंनी कप खाली ठेवला. "ती? ती एवढी बोलते?"

मी मान हलवली.

"माझा गळा दुखतो म्हणून विचारत नाही म्हणाली?"

"हो."

ताईंनी दारातून वर्गाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून मला हिचं कळलं. उद्या मी हिला पुढे बसवीन, रोज हिला विचारीन. पण बाकीच्या त्रेसष्टांचं काय करू? त्यांच्यातही असतील ना अशी. त्यांची कुणी मॅडम एवढ्या लांबून मला सांगायला आलेली नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "खरं सांगू का, तुझा रागच आला मला आत्ता. तू सांगितलं नसतंस तर मी तिला शांत मुलगी समजून पुढच्या वर्गात पाठवून दिलं असतं आणि मला झोपही नीट लागली असती."

मी त्यांचा हात धरला. बाहेर वर्गातला गलका वाढला तशा त्या पदरानं डोळे पुसून उठल्या आणि गेल्या.

ताईंनी पुढं खूप केलं. शेवटचा अर्धा तास त्यांनी मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवला. ज्याला जे विचारायचं ते विचारा. पहिले काही दिवस मुलं लाजली, नंतर त्यांना आवरणं कठीण झालं. फोनवर ताई उत्साहानं सांगायच्या, आज एकानं विचारलं कारखान्यातल्या धुराचा रंग वेगवेगळा का असतो. आमच्या मुलीनंही म्हणे दोनदा हात वर केला. पण वर्गात आणखी मुलं आली, अभ्यासक्रम मागे पडला, वरून विचारणा झाली. ताईंच्या गळ्याला गाठ आली आणि डॉक्टरांनी त्यांना बोलायचीच बंदी केली. त्या सुट्टीवर गेल्या. त्यांच्या जागी येणाऱ्या जाणाऱ्यांनी वर्ग सांभाळला. तो अर्धा तास बंद पडला. वर्ष संपलं, ती मुलगी पाचवीत गेली, आणि पाचवीचा वर्गही तेवढाच भरलेला होता.

इकडे आमच्या शाळेत पाच मुलं उरली. सर निवृत्त झाले. गावातल्या चार लोकांनी येऊन विचारलं, मॅडम, शाळा राहीन ना? मी म्हटलं, प्रयत्न करू. आम्ही घरोघर फिरलो, पण ज्यांच्याकडे लहान मुलं होती त्यांनी ती आधीच इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली होती. शेवटी शाळा बंद झाली. उरलेली मुलं ऑटोनं हिवरखेडला जाऊ लागली आणि माझं अकोटमधल्या एका शाळेत समायोजन झालं. तिथे चाळिसांच्या वर मुलं आहेत. मी त्यांना मन लावून शिकवते. पण वर्षाच्या शेवटी निकाल वाटताना काही चेहऱ्यांपाशी माझा हात अडतो. हा मुलगा वर्षभरात माझ्याशी काय बोलला ते मला आठवत नाही. एकदा फळा पुसू का, असं विचारलं असेल. बस, तेवढंच. सरांच्या आवाजातलं ते वाईट वाटणं आता मला कळतं. एकीकडे मुलांवाचून बंद पडलेली खोली आणि दुसरीकडे मुलं न मावणारी खोली. दोन्हीच्या मधे एस.टी.चा काही तासांचाच रस्ता आहे. मी त्या दोन्ही खोल्यांमध्ये उभी राहिलेली आहे आणि मला अजून कळत नाही की हे असं का असावं.

यंदाच्या उन्हाळ्यात ती मुलगी माझ्या घरी आली. अकोटला कुणाचं तरी लग्न होतं, आईसोबत आली होती. बारावी झालेली, उंच, केस एका बाजूला घेतलेले. अमरावतीला नर्सिंगला जाणार आहे म्हणाली. मराठी तिची बदलली होती, शाळेतली, शहरातली झाली होती. पाया पडली आणि सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसली. मी विचारीन तेवढंच बोलत होती.

"अगं, किती बोलायचीस तू," मी म्हटलं. "आम्हाला बोलू द्यायची नाहीस."

"मी?" ती हसली. "नाही मॅडम. मी पहिल्यापासूनच शांत आहे. सगळे हेच म्हणतात."

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. "नाई व," ती पोरीला म्हणाली, "लय बोलत जाये तू. पोतडीभर संत्रं नेले होते तुया बापानं शाळेत, आठवत नाई तुले?"

तिनं आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे पाहिलं, ते मला दिसत होतं. मग नाही म्हणून मान हलवली. "मला ती शाळा थोडीच आठवते. एक ओटा होता ना? आणि मी एकटी बसायची." मग तिचा चेहरा खुलला आणि ती नांदगाव पेठच्या शाळेबद्दल सांगू लागली. तिथली ती हिंदी बोलणारी मैत्रीण अजून मैत्रीण आहे. तिचं लग्न झालं, तरी रोज फोन असतो. एका बाकावर चौघी बसायच्या, डबा एकीचा असला तरी सगळ्या खायच्या. "खूप मजा आली मॅडम तिथे. तुम्हीच पाठवलं ना मला तिथे? आई सांगते नेहमी."

मी म्हटलं, "हो." आणि आत जाऊन चहा ठेवला. दूध उतू जाईपर्यंत मी गॅससमोर नुसती उभी होते.

त्या गेल्यावर मी ताईंना फोन केला. त्या आता निवृत्त आहेत. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज घोगरा आणि बारीक झालाय, कान देऊन ऐकावं लागतं. मी त्यांना सगळं सांगितलं. नर्सिंगचं ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"म्हणाली ना. चौथीच्या मॅडम फार चांगल्या होत्या म्हणाली." तसं ती म्हणाली होती, पण चौथीत असताना.

ताई म्हणाल्या, "अगं, तुला एक सांगू? आपण तेव्हा चहा पिताना जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. पण तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येत नाही. किती दिवसांपासून आठवून राहिले. फोटो आहे का गं तुझ्याकडे?"

तिच्या लहानपणचा नव्हता. त्या दिवशीच काढलेला होता, आम्हा तिघींचा. मी तो पाठवला.